तसबिरीखालचं कोरं साल

मी पूनम सागर सोसायटीतल्या शिगवणांच्या हॉलमधली तसबीर बोलतेय. गळ्यात चंदनाचा हार बघून येणारा-जाणारा हात जोडतो. जोडो बापडा. पण माझ्यात कुणाचे आजोबा नाहीत, एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत.

तारा सूर्याच्या वीसपट भारी होता. पोटातलं इंधन संपलं, गाभा क्षणात कोसळला आणि अंगावरचं सगळं आभाळात उधळलं गेलं. ते अजून पसरतंय. संपदा शिगवण त्यावर पीएचडी करतेय. तिनं मला छापलं आणि तिचे बाबा, ईश्वर शिगवण, मला फ्रेम करायला हाटकेशला नाथाच्या दुकानात घेऊन गेले.

"काका, फोटो कसला?"

"मेलेला तारा आहे. लेकीचा अभ्यास."

"मेलाय ना? मग हार फ्री. खाली मृत्यूची पट्टी पण टाकतो. साल सांगा."

मेलेल्याला पट्टीशिवाय सोडायचं नाही, ही नाथाची पद्धत. बाबांना साल ठाऊक नव्हतं. पट्टी कोरी राहिली.

संपदा पोट धरून हसली खरी, पण तिचा प्रबंध त्याच सालावर अडला होता. त्या बाजूला नवा तारा दिसल्याची एक जुनी नोंद आहे, तीनशे चाळीस वर्षांपूर्वीची. सगळे तेच साल धरून चालतात. पेपरवालेही तेच छापतात, तपासायची तसदी न घेता! संपदानं बारा वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो घेतले, वायूचे पुंजके किती सरकले ते मोजलं आणि ते एका जागी कधी होते याचं उलटं गणित मांडलं. उत्तर आलं चारशे दहा वर्षं.

मार्गदर्शक म्हणाले, "जुन्या सालाशी जुळवून घे, नाहीतर प्रबंध लटकेल." फेलोशिप मार्चमध्ये संपतेय.

"टाक ना सगळे म्हणतात ते साल," बाबा म्हणाले. "सत्तर वर्षांनी त्या ताऱ्याचं काय बिघडतंय?"

"बाबा, तुमचा वाढदिवस एक जूनला कसा हो?"

"मास्तरांनी टाकली तारीख, शाळेत घालताना. आमच्या अख्ख्या वर्गाचा एक जूनच."

"आणि खरा?"

"आई म्हणायची, भाताची लावणी चालली होती. म्हणजे जुलै असेल..." बाबा बोटांवर महिने मोजू लागले.

"म्हणजे तीस वर्षं मी भलत्याच दिवशी श्रीखंड करतेय?" स्वयंपाकघरातून संपदाची आई, मनोरमाबाई, कडाडल्या.

बाबा पुन्हा साल बदलण्याबद्दल बोलले नाहीत. संपदानं चारशे दहाच लिहून प्रबंध पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

काल शेजारचा जितेश चप्पल काढून माझ्यापुढे उभा राहिला. "अंकल, कब ऑफ हुए?"

"चारसौ दस साल हुआ," बाबांनी ठणकावलं. "तीस साल इधर-उधर. लडकीने खुद नापा है."

माझ्या काचेला उदबत्तीचा धूर लागलाय, रंगही विटतायत. उद्या मला उतरवलंत तरी तक्रार नाही. फक्त माझ्यातल्या ताऱ्याचं मरण कुणाच्या सोयीनं ठरवू नका. वाद घालायला जरूर या. येताना मोजून या.