घरात आणखी कुणाला आहे?

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हौसाबाईंच्या घरी रविवारी सकाळी कपडे वाळत घातले जात, तेव्हा घरातल्या पुरुषांचं सगळं काही गॅलरीत उन्हात असे. दौलतरावांचे बनियन, लेंगे, मुलाच्या म्हणजे सुदेशच्या चड्ड्या, सगळं समोरच्या बिल्डिंगला दिसेल असं. बायकांचे आतले कपडे मात्र बाथरूमच्या दारामागच्या दांडीवर, तेही टॉवेलखाली. तिथं ऊन सोडाच, वारासुद्धा फिरकत नसे. हा कायदा हौसाबाईंच्या सासूने केलेला. हौसाबाईंनी तो पस्तीस वर्षं पाळला. संचिता सून म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने आपले कपडे गॅलरीत घातले, तेव्हा हौसाबाईंनी ते स्वतःच्या हाताने काढून आत नेले. "आपल्यात नाही गं असलं," त्या म्हणाल्या. संचिताने ते पुन्हा बाहेर घातले नाहीत. ओलसर कपडे चढवायचे आणि अंगावरच वाळवायचे, याला आपण बाईची मर्यादा म्हणतो. पुरुषाची अब्रू मात्र चिमट्याला टांगली तरी जात नाही.

दुसऱ्या वर्षी संचिताच्या मांडीवर गोल, लालसर, खाजरा चट्टा उठला. गजकर्ण. सुदेशने नाक्यावरच्या केमिस्टकडून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली, पंधराव्या दिवशी दुपटीने परत आली. पुन्हा ट्यूब आणली. असं करत करत चट्टे पोटावर गेले, काखेत गेले, आणि ट्यूब लावून लावून मांडीची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसू लागल्या.

मग सुदेश हॉलमध्ये झोपू लागला. संचिताची बादली वेगळी झाली, ताट वेगळं झालं. गजकर्ण ताटातून होत नाही, पण दौलतरावांना ते कोण सांगणार? "माहेरहूनच आणलंय हे," असं ते बायकोला ऐकवत आणि सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ऐकवत. शेवटी सव्वा वर्षाच्या लेकीला, ओवीलाही, आईने घ्यायचं नाही, असं ठरलं. ओवी दिवसभर हौसाबाईंच्या कडेवर राहू लागली.

आणि हौसाबाईंना कमरेला गजकर्ण होतं.

एक-दोन नव्हे, नऊ वर्षं. परकराची नाडी जिथे आवळते तिथे, कमरेभोवती जवळजवळ पुरा वेढा. बाथरूमची कडी लावून त्या कंगव्याने खाजवत. पदर खाली आला की सगळं झाकलं जाई. असल्या जागेचं दुखणं बाईने कुणाला सांगायचं? नवऱ्याला? दौलतरावांच्या लक्षात यावं असं काही कारण आता उरलं नव्हतं. सुनेची ट्यूब गुपचूप थोडी घ्यायची आणि गप्प राहायचं, एवढं त्यांना जमत होतं. ओवीच्या मांडीवर आतल्या बाजूला, कडेवर बसताना जिथे ती आजीच्या कमरेला टेकते तिथेच, एक दिवस बारीक गोल उमटला, तेव्हा हौसाबाईंना सगळं कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी संचिताकडे पाहिलं.

ओवीला दाखवायला दोघी सासवासुना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी ट्यूब हातात घेऊन कचऱ्यात टाकली.

"ह्याच्यात स्टेरॉईड आहे. खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. आता मी देते ते औषध चट्टे गेले तरी बंद करायचं नाही, मी सांगेन तोवर घ्यायचं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. आतले सुद्धा. आतले आधी." मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यायला हवं. नाहीतर एकाचं जातं आणि दुसऱ्याकडून परत येतं. आजी, तुम्हाला?"

"नाही बाई," हौसाबाई म्हणाल्या, आणि पदर आणखी नीट खोचला. शेजारी संचिता खाली बघत होती.

घरी आल्यावर संचिताने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. सुदेश हसला. "मला काय झालंय? मी कशाला गोळ्या खाऊ? तू बरी हो ना आधी." दौलतरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "विनीतला फोन लाव," ते म्हणाले. विनीत म्हणजे संचिताचा भाऊ, कळव्याला राहणारा. "घेऊन जाऊ दे हिला. पूर्ण साफ झाली की आणू. पोरगी इथं राहील, तिला आणखी नको लागायला."

संचिताने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे हौसाबाई उभ्या होत्या. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"अहो, मी काय म्हणते..."

"काय?"

नवरा बघत होता, पंचविशी कधीच उलटलेला मुलगा बघत होता. कंबर, परकर, नाडी हे शब्द या दोघांसमोर उभ्या जन्मात उच्चारले नव्हते.

"चहा टाकू का?" हौसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत आला आणि संचिता गेली. ओवी जिन्यापर्यंत ओरडत राहिली.

डॉक्टरीणबाईंच्या मलमाने ओवीचा चट्टा मावळला. आठवड्याने त्याच जागी पुन्हा आला, आणि शेजारी दुसरा. त्या दुपारी हौसाबाईंनी स्वयंपाकघरातून कळव्याला फोन लावला.

"संचिता, ओवीला तुझ्यामुळं नाही झालं गं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं. मला कमरेला आहे. लई वर्षं झाली."



"माहितीये मला, आई."

"कसं?"

"तुमच्या नाडीला रक्ताचे डाग असायचे. कपडे मीच धुवायचे ना."

"मग डॉक्टरीणबाईंसमोर तरी बोलायचं होतंस."

"काय बोलणार? तुमचंपण ताट वेगळं झालं असतं. ते कसं असतं मला माहितीये ना."

हौसाबाई ओट्याला धरून खाली बसल्या. जिला आपण घराबाहेर जाऊ दिलं, ती आपल्याला झाकत बसली होती. या लाजेपेक्षा ती जन्मभराची लाज किती लहान होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पण कळणं वेगळं आणि उठून हॉलमध्ये जाणं वेगळं.

"आई, आता तुम्हीच सांगा त्यांना," संचिता म्हणाली. "तुम्ही औषध घेतल्याशिवाय ओवीचं जाणार नाही. आणि तुम्ही सांगितलंत तर मला येता येईल. सांगाल ना?"

"कोण आहे गं फोनवर?" हॉलमधून दौलतरावांनी विचारलं.

"कुणी नाही. कंपनीचा आहे," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या घरात दुखण्याला वेगळं ताट मिळतं आणि बाईच्या अंगाचं नाव घ्यायला बंदी असते, ते घर एकट्या हौसाबाईंनी बांधलेलं नाही. ते तुम्ही-आम्ही मिळून बांधलेलं आहे.

ओवी लुटूलुटू आत आली आणि दोन्ही हात वर करून आजीपुढे उभी राहिली. हौसाबाई मागे सरकल्या. "खाली बस बाळा. खाली खेळ." ओवीने भोकाड पसरलं.

"रडवतेस कशाला पोरीला?" दौलतराव म्हणाले. "घे की."

हौसाबाईंनी पदराची जाड घडी करून कमरेवर ठेवली, आणि नातीला कडेवर घेतलं.