वाटीतलं पाणी आणि आईचं बोट

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर स्पर्शमहाराजांनी काचेच्या वाटीत बोट बुडवलं आणि आतलं नितळ पाणी बोटाभोवती गोठायला लागलं. पांढऱ्या सुया सरसर काठापर्यंत पसरल्या आणि बघता बघता पाण्याचा घट्ट गोळा झाला.

"हात लावा, घाबरू नका!" महाराज गरजले. "बर्फ असता तर गार लागला असता. हा गरम आहे! का? तुमचा ताप, तुमची साखर, तुमची सांधेदुखी, सगळं यात उतरलंय. आता कशाला हव्यात त्या गोळ्या नि सुया?"

बसमधून प्रवासी उतरावेत तसे एकेकाचे आजार वाटीत उतरत होते आणि लोक टाळ्या पिटत होते.

पहिल्याच रांगेत आई बसली होती. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. साखर आटोक्यात आली नाही तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तिने इन्सुलिन बंद केलं होतं, कारण दर वेळी तिचा गोळा चांगला गरम निघायचा.

तिची धाकटी लेक शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणायचे. आज बाई आईला घरी न्यायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी गोळा पाहिला आणि मग पडद्यामागून वाट्यांचा ट्रे घेऊन येणारा माणूस पाहिला. तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. सातवीच्या वर्गाला दाखवायला हेच पाणी त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात केलं होतं, तेही दादाला मदतीला घेऊन. व्हिनेगर कमी पडलं तेव्हा दादाच दुकानात पळाला होता. "भारी आहे गं हे! परत दाखव," असं म्हणाला होता. त्याला विज्ञानाची गोडी लागली म्हणून बाईंना केवढा आनंद झाला होता!

हॉलमध्ये त्यांनी तमाशा केला नाही. आईला आणि तिच्या गोळ्याला घेऊन त्या निघाल्या, आणि दादाला "घरी चल" एवढंच म्हणाल्या.

घरी येताच बाईंनी गोळ्याचा चिमूटभर चुरा बाजूला काढला आणि बाकीचा गोळा चमचाभर पाण्यासकट पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला.

"अगं, माझा आजार आहे तो! पातेल्यात काय घालतेस?"

"मग उकळून निघू दे की चांगला."

गोळ्याचं पुन्हा नितळ पाणी झालं. ते वाटीत झाकून ठेवलं. पार निवल्यावर बाईंनी चुऱ्याचा एक कण आईच्या बोटाला लावला.

"घाल बोट."

आईने घातलं. सुया सरसर पसरल्या. गोळा झाला आणि गरमही लागला.

"आता तुझ्या पाया पडू का, महाराज?" बाई म्हणाल्या, पण हसू काही आलं नाही. "व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घातला की फसफसतं, वायू निघून जातो आणि नवाच क्षार तयार होतो. हा रासायनिक बदल. मग ते पाणी आटवून अलगद निववायचं. क्षार गोठायचा राहून जातो आणि एक कण मिळाला की झटकन गोठतो. गोठताना उष्णता बाहेर टाकतो. हा नुसता भौतिक बदल, पदार्थ तोच राहतो. म्हणून तर गोळा परत वितळला. महाराजांच्या नखात असा कण असतो. तुझी साखर तुझ्या रक्तातच आहे, आई."

आईने दादाकडे पाहिलं. "तुला हे ठाऊक होतं?"

"लोकांना बरं वाटतं गं. आणि औषध सोड, असं मी कधी म्हणालो?"

"मी इन्सुलिन कचऱ्यात टाकलं, तेव्हा डब्याचं झाकण कोणी उचलून धरलं होतं?"

बाईंचे डोळे भरून आले. महाराज परका होता, त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. दादा तर घरातला होता.

आई भिंतीला धरून उठली. "आधी मला डॉक्टरांकडे ने. उद्या हॉलमध्ये जाऊ. मी सगळ्यांसमोर बोट बुडवते. सांगते त्यांना, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे दुसऱ्या कोणाला जमतं का? स्वतः करून बघा. आणि तोवर कोणी औषध सोडू नका."

"मी येतो, आई," दादा पुढे झाला. "जिना उतरताना धरतो तुला."

"आत्ता नको," आई म्हणाली. "उद्या ये. इतके दिवस वाट्या कोण भरत होतं, असं लोक विचारतील. तेव्हा उत्तर तू द्यायचंस."