तीन मेंढ्यांची एक मेंढी

"थुंक! थुंक म्हणते ना! अगं भवाने, निदान शेवटची दोन पानं तरी सोड!"

झूराकान शेळीचा जबडा दोन्ही हातांनी धरून ओरडत होती, आणि शेळी डोळे अर्धे मिटून, अगदी तब्येतीत, पहिलीचं वाचनाचं पुस्तक चघळत होती. तिची सात वर्षांची नात एल्नाझिक बाजूला पोट धरून हसत होती.

"हस, हस. सप्टेंबरात पुन्हा पहिलीत बसवतील तेव्हाही अशीच हस."

पोरीचं हसू जागच्या जागी थांबलं.

मे महिन्यात शाळा सुटताना बुबूसारा बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पोरीला अक्षरं येतात, पण शब्द जुळवायचा कंटाळा. पहिलं अक्षर बघते आणि पुढचं अंदाजाने ठोकून देते. उन्हाळाभर रोज वाचून घ्या. जमलं तर दुसरीत, नाही तर परत पहिलीच्या बाकावर, धाकट्या पोरांच्या मांडीला मांडी लावून. एल्नाझिकचे आईबाप रशियात एका गोदामात कामाला होते आणि पोर आजी-आजोबांच्या पदरात होती. त्यामुळे नापास कोण होणार याबद्दल झूराकानच्या मनात शंका नव्हती. लेकाला ती काय सांगणार होती? मेंढ्या वाढल्या रे बाबा, तुझी पोरगी तेवढी राहिली?

तिचा नवरा असनाली घोड्यावरून उतरला. दर जूनमध्ये गावकरी आपापल्या शेळ्यामेंढ्या, ढुंगणावर आपापल्या रंगाचा पट्टा ओढून, त्याच्या हवाली करत आणि तो त्या वर उन्हाळी कुरणावर घेऊन येई.

"कुणाची शेळी ही?" त्याने पट्टा पाहत विचारलं.

"बुबूसारा बाईंची."

"मग तक्रार कसली? बाईंनी दिलं, बाईंच्या घरच्यांनी परत घेतलं."

गाव घोड्यावरून एका दिवसाच्या वाटेवर. लोकरीच्या जाड नमद्याच्या त्यांच्या गोल घरात छापील म्हणावं असं उरलं होतं पिठाचं पोतं आणि चहाचा पुडा. दोन्ही एल्नाझिकने दोन दिवसांत पाठ केले, आणि पाठ झालं म्हणजे वाचायचं संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी झूराकानने नवऱ्याचा निळ्या रंगाचा डबा उचलला, घरची एक पांढरी मेंढी गुडघ्यांत धरली आणि तिच्या बरगड्यांवर हातभर 'अ' काढला.

"काय चाललंय गं म्हातारे?"

"शाळा."

"मेंढीची?"

"तुम्ही शिंगं धरा आणि गप्प बसा."

"अगं, लोकांचं जित्राब आहे हे. पाटी आहे का?"

"आधी आपल्याच रंगवतेय. लोकांना विचारीन की नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"रंगवून झाल्यावर."

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. अक्षरं चरायला निघून गेली. मग झूराकानने ओढ्याकाठी सपाट दगड ओळीने मांडले आणि प्रत्येकावर मिठाचा खडा ठेवला. आता अक्षरं डोकी खाली घालून गुमान उभी राहू लागली. शब्द मीठ संपेपर्यंत टिकायचा, तेवढ्यात वाचायचा. काळ्या मेंढीवर रंग दिसेना, तर तिला दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी केली. शब्द मांडायचा एल्नाझिकनेच. कान धरून, ढकलून, पाठीवर बसून. एवढे कष्ट करून जमवलेला शब्द अंदाजाने कोण ठोकून देईल?

पहिला धड शब्द झाला 'कोय'. त्यांच्या भाषेत कोय म्हणजे मेंढी, आणि त्यांच्या लिपीत स्वरालाही वेगळं अक्षर, म्हणून अक्षरं तीन.

"आपा!" आपा म्हणजे आई, पण पोरगी आजीलाही आपाच म्हणायची; वडीलधाऱ्या बाईला सगळेच म्हणत. "एक मेंढी लिहायला तीन मेंढ्या लागतात!"

"म्हणून तर शिक्षण गरिबाला परवडत नाही," असनाली घोड्यावरून म्हणाला.

जुलैत एका दुपारी झूराकान दूध घुसळत बसली होती. बाहेर पोरीचा आरडाओरडा चालला होता. तिने दोन मेंढ्या शेजारी आणल्या होत्या: 'अत'. म्हणजे घोडा. मग धापा टाकत आणखी एक 'अ' ओढत आणला आणि शेवटच्या दगडापाशी लावला. 'अता'. म्हणजे बाप, घरात आजोबांनाही अताच म्हणत. असनाली नेमका तिथून चालला होता. त्याने टोपी मागे सारली.

"वा वा! माझं नाव काढलंस होय, पोरी?"

"तुमचं नाही."

"मग?"

"तुम्ही तर इथेच आहात की. इथे असलेल्याला कशाला लिहायचं?"

असनालीने टोपी पुन्हा पुढे ओढली आणि काहीतरी काम आठवल्यासारखा घोड्याकडे गेला. झूराकानचा घुसळायचा दांडा थांबला होता. 'आपा' लिहायला 'प' लागला असता आणि तो अजून रंगवायचा राहिला होता, एवढंच तिच्या मनात आलं. आजच रंगवायचा, तिने ठरवलं. पोरीची आई तरी का बाहेर राहावी?

तेवढ्यात शेवटच्या दगडावरचं मीठ संपलं. 'अ' वळला आणि टेकडीकडे चालू लागला. ओळीत नुसता घोडा उरला. झूराकान उठणार होती, पण एल्नाझिक खो खो हसायला लागली.

"आपा, बघ ना! अता चरायला गेले!"

"येतील," झूराकान म्हणाली. "पोट भरलं की येतील."

ऑगस्ट सरता सरता मालक आपापलं जित्राब वेगळं काढून न्यायला वर आले. शार्शेन नावाचा एक लठ्ठ मालक आपल्या मेंढीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"वहिनी, हे काय? माझ्या मेंढीवर लिहिलंय काय?"

"'ब' आहे तो."

"ब कशाचा? बोकडाचा? चांगली गाभण राहणारी मेंढी माझी!"

"बोकडाचा नाही, भावजी. 'बाल'मधला आहे. बाल म्हणजे मध. मान मिळालाय तिला."

"मान मिळालाय, मग खाटीक भाव वाढवून देईल का?" माणसं हसली, शार्शेनही हसला, आणि जाताना मेंढीला 'चला मास्तरीणबाई' म्हणून हाकलत घेऊन गेला.

बुबूसारा बाई सगळ्यांत शेवटी आल्या. शेळ्या ताब्यात घेतल्या, पुस्तकाची हकीकत ऐकली आणि शेळीकडे जरा रागाने पाहिलं. मग पिशवीतून दुसरीचं नवंकोरं पुस्तक काढून मधलंच पान उघडलं.

"ये गं. वाच इथून."

झूराकानने हात एप्रनला पुसले. ते कोरडेच होते. तिने पुन्हा पुसले.

एल्नाझिकने पुस्तक हातभर लांब धरलं. इतकी बारीक अक्षरं तिने उन्हाळाभर पाहिली नव्हती. एकेक अक्षर जोडत, पण न थांबता तिने वाचलं, "डोंगर... ओढ्यावर... पाणी... पितो."

बाईंच्या भुवया वर गेल्या. चूक कुठे झाली ते झूराकानला तत्क्षणी कळलं. डोंगर म्हणजे 'तोओ' आणि उंट म्हणजे 'त्योओ'. लिहिताना फरक फक्त वाटोळ्या अक्षरातल्या मधल्या आडव्या रेघेचा. जूनमध्ये तिने ती रेघ झोकात ओढली होती. पण लोकर वाढत गेली तशी रेघ आत बुडाली, आणि महिनाभर सगळे उंट डोंगर होऊन हिंडत होते.

"चूक माझी आहे, बाई," ती बोलू लागली, "रंगाचा डबा..."

"तुम्ही थांबा हो. डोंगर पाणी पितो का गं, एल्नाझिक?"

झूराकानला वाटलं, आता ठोकणार काहीतरी. तिने डोळे मिटून घेतले. पण पोरीने पुस्तक नाकाजवळ नेलं, बोट मागे आणलं आणि तो शब्द पहिल्यापासून पुन्हा धरला.

"थांबा, थांबा बाई! ह्याच्या पोटात रेघ आहे! डोंगर नाही, उंट! उंट पाणी पितो!"

बुबूसारा बाई हसल्या. "चुकली, पण मागे जाऊन बघितलं. मेमध्ये ही पुढेच पळायची." त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "हे घे, तुझ्या वर्गाचं आहे. आणि शेळ्यांपासून लांब ठेव."

"म्हणजे दुसरी ना बाई?" झूराकानने विचारलं. ऐकलं होतं, तरी.

"दुसरी, आपा. दुसरीच."

घर उतरवून, गुंडाळून ट्रकवर चढवलं. असनाली उरलेला कळप घेऊन घोड्यावरून पुढे गेला आणि आजी-नात ट्रकच्या मागे, नमद्यांच्या गुंडाळ्यांवर बसल्या. ट्रक उताराला लागला तशी एल्नाझिकने पुस्तक उघडलं. झूराकानने डोक्याचा रुमाल कानामागे सारला आणि ऐकायला बसली.

काहीच ऐकू येईना. आधी तिला वाटलं ट्रकचा आवाज मोठा आहे. मग तिने वाकून पाहिलं. पोरीची नजर ओळीवरून सरकत होती, पण ओठ बंद होते.

"वाच की गं."

"वाचतेय."

"मोठ्याने वाच. मलाही कळू दे."

"मोठ्याने वाचलं की हळू होतं, आपा."

थोड्या वेळाने एल्नाझिक एकटीच फिसकन हसली.

"काय झालं? काय लिहिलंय?"

"थांब ना. हे पान संपू दे."

झूराकान थांबली. उतारावर वारा होता, पान सारखं उडत होतं. तिने त्याच्या कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला, आणि पोरीने पान उलटायला बोट पुढे केलं की तेवढ्यापुरता तो उचलत राहिली.