मागचं दार

“वहिनी, सही करा आणि मोकळ्या व्हा एकदाच्या,” धाकटा दीर म्हणाला. वकीलबाईंच्या खोलीला खिडकी नव्हती. पंखा नुसताच गरगरत होता.

विमान उतरताना घसरून कुंपणावर आदळलं, तेव्हा आतली माणसं जिवंत होती. मग आग लागली आणि मागचं दार काही उघडलं नाही. तिचा नवरा त्या दाराशीच सापडला. विमानाचा सांगाडा जरासा जरी वाकला तरी त्या दाराची कडी अडकते, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला आधीपासून ठाऊक होतं. वकीलबाईंनी खटल्यात त्याचे कागद मिळवले, तेव्हा कंपनी भरपाईला तयार झाली. अट एवढीच, की कागद बंद राहतील आणि तोंडंही. बाकीच्या घरांनी एकेक करून सह्या केल्या होत्या. तिनं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

“आणि बाकीच्या विमानांची दारं?” तिनं विचारलं.

“ती तशीच राहतील,” वकीलबाई म्हणाल्या.

तिनं कागद परत सरकवला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्या पैशांवाचून अडलं होतं. दीर यायचा बंद झाला. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तारीख पडली की रजा, आणि कोर्टात पुढची तारीख. कंपनीच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, नवऱ्याशी तुमचं पटत होतं का. दवाखान्यात औषधं पोचवणाऱ्या एका विधुरानं लग्नाचं विचारलं होतं. खटला संपू दे, ती म्हणाली. तो बरेच दिवस थांबला, मग त्यानं दुसरीकडे जमवलं.

“सोडून द्यावंसं वाटतं,” ती एकदा वकीलबाईंना म्हणाली. “पण आता सोडताही येत नाही.”

वर्षं गेली. अखेर न्यायाधीशांनी ते कागद खुले करायला लावले. पेपरांतून बोंबाबोंब झाली, सरकारी चौकशी बसली आणि कंपनीला तसल्या सगळ्या विमानांच्या कड्या बदलाव्या लागल्या. भरपाई मिळाली, ती आधी देऊ केली होती त्याहून कमी. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, पण फार उशिरा. काठी काही सुटली नाही.

एका दुपारी सासूबाईंनी तिला हाक मारली. “इकडे ये गं.”

टीव्हीवर तसलंच एक विमान धावपट्टीच्या कडेला जळत होतं. अलीकडे गवतात माणसं उभी होती, बरीचशी अनवाणी.

“सगळे निघाले?”

“सगळे निघाले, आई. मागच्या दारानंसुद्धा.”

सासूबाईंनी सरकून तिला शेजारी जागा केली. पडद्यावर एक माणूस पायात एकच मोजा घालून फोनवर कुणावर तरी वैतागत होता.

“माझा लेकही असाच वैतागायचा,” त्या म्हणाल्या.

बातमी बदलेपर्यंत दोघी त्या माणसाकडे बघत राहिल्या.