आठांत नसलेला भाव

माघ उतरणीला लागला होता. कृष्णा कृश झाली होती; कृश, संथ, स्वच्छ, आणि तिच्या काचनिळ्या अंगावर तिसऱ्या प्रहराचं ऊन चुण्याचुण्यांनी हलत होतं. पैलतीरी बाभळींच्या सावल्या लांबल्या होत्या. त्यांच्याही पलीकडे पांडवगड विरलेल्या धुक्याचं उपरणं खांद्यावर टाकून निवांत बसला होता. वाईच्या घाटावर अशा वेळी पायऱ्यासुद्धा कोमट असतात.

उत्सव होता कृष्णामाईचा. नदीला आई म्हणायचं, आईची ओटी भरायची, तिला गाऱ्हाणं घालायचं आणि मग तिच्याच काठाला पंगत मांडून पोटभर जेवायचं, असा हा गोड, गजबजलेला, गंधभरला उत्सव. केळीचे खुंट, आंब्याची तोरणं, उदबत्त्यांचे निळे दोरे. मांडवात सतरंज्यांवर हिरव्या, जांभळ्या, अंजिरी पदरांची दाटी झाली होती. आज कुमुदताईंचं कीर्तन होतं.

कुमुदिनी आठल्ये. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगकाठी बारीक, आवाज मात्र खर्जात उतरला की दुधावरच्या सायीसारखा दाट. नऊवारी नेसून, चिपळ्या घेऊन ती उभी राहिली की चुळबुळणारी पोरंही गप्प बसत. तिचं एक वाक्य तर तालुकाभर झालं होतं: ‘मन आवरा, म्हणजे घर आपोआप आवरतं.’ सुना ते सासवांना सांगत, सासवा सुनांना सुनावत. वाक्य चांगलंच होतं हो. पण ते बोलणाऱ्याचं घर कुणी उघडून बघतं का?

त्या घरात तीन वर्षांमागं काळोख शिरला होता. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. लेक तिच्या संसारात सुखी, नवरा शब्दानं न दुखावणारा. तरी एका सकाळी कुमुदिनीला वेणी घालणं जमलं नाही, आणि मग उठणंच जमेना. निष्कारण, निराकार, निःशब्द असा तो काळोख. त्याला कारण नव्हतं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज. दुःखाला कारण असलं की ते चारचौघांत सांगता तरी येतं. बिनकारणाचं दुःख म्हणजे सुख टोचणं, असं तीच एकदा कीर्तनात म्हणाली होती, आणि लोक पोट धरून हसले होते.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली. एवढीशी, पांढरी, निरुपद्रवी दिसणारी. गोळीनं काम केलं, हे कबूलच करायला हवं. वेणी जमू लागली, गाणं जमू लागलं, आमटीत मीठ कमी आहे हे पुन्हा जिभेला कळू लागलं. मग तीच म्हणाली, आता पुरे. डॉक्टर म्हणाले, ‘पुरे तर पुरे. पण जिना उतरतो तशी उतरायची हं बाई. आधी अर्धी, मग पाव, मग त्याहून कमी. आणि मला विचारल्याशिवाय उडी मारायची नाही.’ ती अर्धीवर आली. पावावर आली. डोकं थोडं गरगरलं, पण निभलं.

आणि मग उत्सवाचं आमंत्रण आलं. विषय ठरला होता मनोजय.

कीर्तनकार जिथं उभा राहतो त्या दोन पावलांच्या जागेला नारदाची गादी म्हणतात. त्या गादीवर उभं राहून मनोजय सांगायचा, आणि पिशवीत गोळ्यांचं पाकीट? कुमुदिनीची कानशिलं शरमेनं तापली. रथसप्तमीच्या सकाळी, कोवळ्या, केशराळ, कनकवर्णी सूर्याला अर्घ्य देताना तिनं ओंजळीत पाणी घेतलं, संकल्प म्हटला आणि उरलेल्या पाव गोळीवर पाणी सोडलं. कुणी चहा सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं, तशी हिनं गोळी सोडली. देवाला साक्षी ठेवल्यावर डॉक्टरला काय विचारायचं! चूक होती ती, सरळ सरळ चूक. पण भाविक माणसाची चूक फार हट्टी असते. तिला मागं फिरायला पाप आडवं येतं.

नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. मधुसूदनराव रोज जेवणानंतर दुधाच्या पेल्याशेजारी पाव गोळी ठेवत. ‘घेतलीस?’ ‘घेतली.’ आणि गोळी जायची तुळशीच्या कुंडीत, मातीआड. सकाळी त्याच तुळशीला पाणी घालताना तिला वर बघवत नसे.

मग सुरू झालं. डोळे जरा डावीकडे वळवले की डोक्यात चर्रकन वीज. उजवीकडे वळवले की पुन्हा वीज. शुभ्र, सूक्ष्म, सर्पगतीची वीज; कवटीच्या आत चमकायची आणि बोटांच्या टोकांतून निघून जायची. जमीन होडीसारखी हलायची. घाम यायचा तो थंड. झोप यायची ती चित्रांनी बरबटलेली. आणि रडू! दूध उतू गेलं, रडू. कामवाली रखमा ‘बरंय का ताई?’ म्हणाली, तर तिच्यावर वस्सकन ओरडणं, आणि मग मोरीत जाऊन रडू. ही औषध एकदम तोडल्याची झळ आहे, अंग आपलं रुसलंय, असं तिला एकदाही वाटलं नाही. तिला वाटलं, हेच आपलं खरं मन. गोळीच्या पांघरुणाखाली तीन वर्षं झाकलेलं, घाणेरडं, कच्चं मन. लाज वाटायची तिला. आरशात बघायची लाज, देवापुढं हात जोडायची लाज.

‘कुमुद, घेतेस ना गं गोळी?’ मधुसूदनरावांनी मांडवात पेटी उघडता उघडता विचारलं.

‘घेते म्हटलं ना! किती वेळा तेच?’

पेटीचा भाता त्यांनी हळूच ओढला, आणि सूर नदीवर पसरला.

पूर्वरंग चांगला रंगला. निदान ऐकणाऱ्यांना तसं वाटलं. मन चंचळ, मन चपळ, मन चकोर, मन चोर. शब्दाला शब्द गुंफत ती चालली होती. पण कीर्तनकाराला डावीकडे पेटीकडे बघावं लागतं, उजवीकडे तबल्याकडे बघावं लागतं, आणि प्रत्येक बघण्याला एक वीज होती. पेटीकडे वीज. तबल्याकडे वीज. तिनं शेवटी मान ताठ धरली आणि समोरच्या खांबावर नजर खिळवली. बायका एकमेकींना म्हणाल्या, ‘बघ कशी तंद्री लागलीय!’

पूर्वरंग संपला. नामघोष सुरू झाला. या मधल्या वेळात कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. टाळ खणखणू लागले, टाळ्या दणदणू लागल्या, मांडवाच्या कनाती थरारू लागल्या. आणि त्या नादाच्या लोंढ्यात तिचे पाय जागच्या जागी थिजले. कपाळावर घाम डवरला. अंगावर सरसरून काटा आला. ‘जय जय’ म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज फाटला. हातातल्या चिपळ्या आपोआप वाजू लागल्या, इतका हात कापत होता. चेहऱ्याचा रंग उडाला. डोळ्यांतून धारा लागल्या.

स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू. भक्ताच्या देहावर उमटणारे सात्त्विक भाव आठ. त्यातले सात ओळीनं उभे राहिले, आणि आठवा, शुद्ध हरपण्याचा, दाराशी येऊन थांबला. गेल्या वर्षी याच मांडवात, याच बायकांना, हे आठ भाव तिनंच समजावून दिले होते. चांगल्या विद्यार्थिनी होत्या बिचाऱ्या. त्यांनी लगेच ओळखले.

‘अगं बाई! ताईंना भाव दाटला!’

झालं. मांडव उठला. ‘दर्शन घ्या, दर्शन घ्या,’ म्हणत पदर सावरत, पोरं कडेवर घेत, म्हाताऱ्यांना धरत बायका पुढं सरकल्या. कुणी हार घातला, कुणी पायांवर फुलं वाहिली, कुणी नारळ ठेवला. पावलांना हात लागू लागले. मऊ हात, राठ हात, बांगड्यांचे हात, बांगड्या नसलेले हात. प्रत्येक स्पर्शाला तिला वाटे, पायाखालची पायरी उघडावी आणि नदीनं आपल्याला पोटात घ्यावं. लाज. डोक्यापासून तळव्यापर्यंत नुसती लाज. भाव आठ सांगितलेत शास्त्रानं. लज्जा त्या आठांत नाही.

पेटीचा सूर तेवढा थांबला होता. मधुसूदनराव तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, वीज चमकली, पण नजर तिनं काढून घेतली नाही. मान हलवली. नाही घेत. किती दिवसांत नाही घेतली. आणि डॉक्टरांचा जिना तिला आत्ता आठवला: हे आपलं मन नव्हे, मारलेली उडी कापतेय.

मधुसूदनरावांनी पेटीचा भाता अलगद मिटला. रागावले असते तर बरं झालं असतं.

गप्प राहणं किती सोपं होतं! आणखी घटकाभर तसंच उभं राहायचं, डोळे मिटायचे, दोन थेंब आणखी. उद्या वाईभर झालं असतं, कुमुदताईंना साक्षात्कार झाला. तेवढ्यात एक कोवळी पोर, नवी नवरी असावी, पायाशी वाकली आणि रडवेल्या आवाजात पुटपुटली, ‘ताई, माझं मन आवरत नाही हो. उठावंसंच वाटत नाही. मीच पापी आहे.’ कुमुदिनीच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. तीन वर्षांमागची ती सकाळ, न घातलेली वेणी, आणि आपल्याच वाक्यावर हसलेला मांडव. या पोरीला आपणच सांगितलं हे पाप आहे म्हणून. आणखी कुणी सांगितलं?

‘थांबा,’ ती म्हणाली. आवाज चिरकलेला होता. ‘थांबा गं सगळ्याजणी. वाकू नका. हा भाव नाही.’

टाळ थांबले.

‘देव नाही आला माझ्या अंगात. मनाच्या आजाराची गोळी घेत होते मी. तीन वर्षं. डॉक्टरांनी हळूहळू सोडायला सांगितली होती. मी लाजेपायी एकदम तोडली, त्याचं हे कापरं आहे. मी तुम्हाला म्हणाले होते, बिनकारणाचं दुःख म्हणजे सुख टोचणं. खोटं होतं ते. आजार असतो तो.’ तिनं त्या पोरीच्या खांद्यावर कापरा हात ठेवला. ‘आणि तू पापी नाहीस, बाळ. आईला सांग. डॉक्टरकडे जा.’

मांडवात खालचं पाणी ऐकू आलं. मग कुजबुज सुटली. कुणीतरी पोराला ओढून मागं नेलं. कुणी पुटपुटलं, ‘वेडाची गोळी?’ एका बाईनं तर पायाशी ठेवलेला नारळ उचलला आणि गुपचूप पिशवीत घातला. हसू यावं असंच होतं ते, पण हसवेना. कुमुदिनी उभी होती. एवढ्या लोकांदेखत एवढं नागडं कधी कुणी उभं राहिलं नसेल. गादीवर बसायचं नसतं, कीर्तन उभ्यानंच करायचं असतं, म्हणून उभी होती.

नमस्काराच्या रांगेत एक बाई तशीच उभी राहिली होती. गजराबाई नाव तिचं, पलीकडच्या गावची. हळद शिजवायच्या कामावरून तशीच आलेली. हात कोपरापर्यंत पिवळेधमक, धुऊनही न निघणारे. तिला मनोजय किती कळला कुणास ठाऊक. ती पुढं आली आणि कुमुदिनीचं मनगट धरून म्हणाली, ‘आगं बया, बरफावानी गार पडलाय की हात! मग हुबं कशापाई ऱ्हायचं? आजारी मानसानं बसावं. बसा बगू खाली.’

‘गादीवर बसत नाहीत, बाई.’

‘मग गादी सोडा. सतरंजी काय थोडीथोडकी हाय व्हय?’

आणि कुमुदताई खाली बसल्या. नारदाच्या जागेवरून दोन पावलं पुढं येऊन, बायकांत, सतरंजीवर. आजवर कुणी कीर्तनकार असा बसला नव्हता. मधुसूदनराव पेटी सोडून उठले आणि डॉक्टरांना फोन लावायला कनातीबाहेर गेले. त्यांचा आवाज आत येत होता: ‘हो, एकदमच. आजच सुरू करू का पुन्हा? बरं. मग हळूच उतरवू.’ ‘उतरवू’ म्हणाले ते. ‘ती उतरवेल’ नाही; दोघांनी मिळून उतरवू. तिला हुंदका फुटला, आणि या हुंदक्याची तिला लाज वाटली नाही असं मात्र म्हणता येत नाही. वाटली. थोडी कमी वाटली, इतकंच.

ती नवी नवरी सरकत सरकत तिच्याजवळ येऊन बसली. पलीकडून कुणीतरी, कुणी ते कळलं नाही, नाम पुन्हा धरलं. एक आवाज, मग चार, मग निम्मा मांडव. निम्माच. बाकीचा निम्मा आपापल्या चपला शोधत होता.

गजराबाईनं फतकल मारली, कुमुदताईंची दोन्ही पावलं आपल्या मांडीवर ओढून घेतली. फुलं झटकली, बुक्का पुसला. ‘अहो, पाय नका धरू,’ कुमुदिनी संकोचानं म्हणाली. ‘धरत न्हाई,’ ती म्हणाली, ‘चोळतीय.’ ऊन कलत होतं, नदी निळ्यातून जांभळ्यात जात होती, आणि ते राबते, राठ, हळदुले हात चोळत होते. तळवा चोळत, टाच चोळत, बोट बोट चोळत. आणि गार पडलेली, पूजून ठेवलेली ती दोन पावलं हळू, हळू, ऊन होत गेली, पिवळी होत गेली.