शेवटचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. बीच झाडाच्या लाकडाची मूठ, पितळेची चाकं, तळाला रबर. बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतातल्या एका गिरणगावात बेकारांच्या कचेरीत मी अठरा वर्षं काढली. माझी कुणी कौतुकानं आठवण काढावी असं माझ्या हातून फारसं घडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गावातल्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि माणसं माझ्यासमोर रांगेत आली. रोज यायचं, कार्ड पुढे करायचं, शिक्का घ्यायचा, तरच भत्ता. गाव त्यांना ‘शिक्केवाले’ म्हणू लागलं. असं म्हणणाऱ्यांत पुढे रांगेत आले नाहीत असे थोडेच.

मला हाताळायचा फिर्मिन. खिडकीमागे खुर्ची मिळाली म्हणून स्वतःला गावाचा पालक समजणारा माणूस. एका हातात डुकराच्या मांसाचा पाव, दुसऱ्या हातात मी. कार्ड देणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधी बघत नसे. आणि त्याच्या त्या तुपकट बोटांचा मला अठरा वर्षं वीट येत राहिला.

त्या रांगेत झुल्मा यायची. वय त्रेपन्न, एकटी बाई, मागावर एकतीस वर्षं काम केलेली. तुटलेला धागा ती अशी जोडायची की गाठ बोटाला लागत नसे. दोन वर्षं ती माझ्यासमोर उभी राहिली, पण खाली मान घालून कधीच नाही.

एका मार्चमध्ये तिनं कार्डासोबत एक पत्र ठेवलं.

“आयर्लंडच्या लोकरीच्या गिरणीत काम मिळालंय. नवीन पोरींना माग शिकवायचेत. सोमवारी हजर व्हायचंय. माझा भत्ता बंद कर.”

फिर्मिन पाव चावत हसला. “आयर्लंड? या वयात? तिकडच्या मेंढ्यांना विणायला शिकवणार की काय, बाई?”

रांगेतले दोघे-तिघे हसले. मागे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आखील उभा होता. तो कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणंही अर्ध्या रांगेला ऐकू जाई.

“ताई, कशाला सांगत बसलीस? कार्ड अल्माकडे दे. दोघी बहिणी एकसारख्या दिसता. हा तर मान वर करून बघतसुद्धा नाही. तू तिकडे कमव, इकडचं चालू राहू दे.”

“आणि पकडली गेली तर तुरुंगात तू जाशील, की माझी बहीण?” झुल्मानं विचारलं. आखील छताकडे बघू लागला.

फिर्मिननं कार्ड तसंच, बिनशिक्क्याचं, खणात टाकलं. “पडू दे. पंधरा दिवसांत परत याल. तेव्हा पुन्हा सगळे कागद कोण करणार?”

झुल्मा जागची हलली नाही.

“शिक्का मार. तारीख घाल. ‘शेवट’ असं लिही आणि मला पावती दे.”

“मागे माणसं खोळंबलीत, बाई.”

“दोन वर्षं खोळंबलेलीच आहेत ती. फिर्मिन, तुझ्या आईनं माझ्या शेजारच्या मागावर बावीस वर्षं काढली. तिला खोकला लागला तेव्हा तिचा माग मी चालवला, तुझ्या शाळेची फी चुकू नये म्हणून. आता तोंड वर कर आणि शिक्का मार.”

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा सावकाश म्हणाला, “मार रे बाबा. ती जातेय तर जाऊ दे की सुखानं.”

फिर्मिननं मान वर केली. चेहरा बीटासारखा लाल. त्यानं पाव खाली ठेवला, बोटं पुसली, खणातून कार्ड काढून त्यावर ‘शेवट’ लिहिलं, सही केली आणि मला उचललं. मित्रांनो, तेवढा एक ठसा मी मनापासून उमटवला.

दुसऱ्या आठवड्यात अल्मा खिडकीशी आली. बहिणीचा कोट अंगात, रुमाल डोक्यावर ओढलेला. आखीलनंच पाठवलं होतं; बिनशिक्क्याचं कार्ड खणात पडलेलं बघूनच तो त्या दिवशी सटकला होता. “माझं कार्ड... राहिलं होतं,” ती पुटपुटली. फिर्मिननं खण उघडला, कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. शेवट. तारीख. सही.

अल्मानं ते वाचलं. रुमाल मागे सारला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “घरून निघाल्यापासून मागे फिरायचं मनात होतं माझ्या.”

पुढे रोजची हजेरी बंद झाली, कचेरी उठली, आणि मी जुन्या बाजारात गंजक्या किल्ल्यांच्या पेटीत येऊन पडलो. माझी चाकं फिरत नाहीत, रबर तडकलंय. मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही, कशाला घालायचं? पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी एखाद्या खिडकीमागे बसाल. समोर कुणी कागद धरून उभं राहील. तेव्हा आधी पाव खाली ठेवा, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघा.