लवंगेच्या खणातली गोळी

मी अंजनाचा पानडबा बोलतोय. माझ्यात शेवटचं पान पडलं त्याला अकरा वर्षं झाली, तरी घरात मला अजून पानडबाच म्हणतात. सध्या मी तिच्या नवऱ्याच्या, धुळाजीच्या, उशाशी असतो. मला बोलायची घाई नाही. पितळ तापायला वेळ लागतो आणि निवायलाही.

एका म्हाताऱ्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. खाली पानं ठेवायला खोल पोट, त्यावर उचलून काढता येणारं तबक, आणि तबकात चार खण. एक सुपारीचा, एक काताचा, एक लवंगेचा आणि एक तंबाखूचा. झाकणाला कडी आहे. झाकण मिटताना ती खाली पडते आणि टण्ण वाजते. ओसरीवरच्या माणसालाही ऐकू जाते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धुळाजीनं मला कडा गावच्या बाजारात विकत घेतलं आणि अंजनाच्या ओटीत टाकलं. तेव्हा त्यांची मेंढरं होती चाळीसेक. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि चाऱ्यामागं निघायचं. मी गोधडीच्या घडीत असायचो. कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली की शेतमालक यायचा, अंजना मला उघडायची, पान द्यायची, आणि मग बोलणी व्हायची. धनगराचं घर फिरतं असलं तरी त्याला उंबरा लागतो. त्यांचा उंबरा मी होतो.

एका वर्षी दुसऱ्या वाड्याशी, म्हणजे दुसऱ्या धनगरांच्या तळाशी, एका कोकरावरून तंटा झाला. कोकरू आपलंच, असं धुळाजीसकट सगळे म्हणत होते. शेवटी ठरलं, अंजनानं भंडारा उचलावा. देवापुढची हळद मुठीत घेऊन बोललेला शब्द आमच्यात फिरत नाही. अंजनानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"मला वाटतंय आपलं हाय," ती म्हणाली. "पण वाटण्यावर भंडारा उचलत न्हाईत."

कोकरू गेलं. धुळाजी चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पण त्यानंतर कुठल्याही वाड्यावर तंटा झाला की माणसं म्हणायची, अंजनाबाईला विचारा.

पुढं दोघं थकली. कळप सव्वाशेवर गेला होता, तो मुलगा सोमनाथ घेऊन हिंडू लागला. ही दोघं वस्तीवर राहिली. अंजनाला साखर निघाली. डॉक्टरनं तंबाखू बंद करायला सांगितली. तिनं मला चिंचेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या खणांत गोळ्या ठेवल्या. तिला वाचता येत नव्हतं. साखरेची गोळी सुपारीच्या खणात आणि रक्तदाबाची काताच्या. मग तिच्या परदेशी जायच्या दहा महिने आधी छातीत नळी बसवली, तेव्हा रक्त पातळ करायची गोळी लवंगेच्या खणात आली आणि झोपतानाची तंबाखूच्या.

डॉक्टरनं एकदा विचारलं, "मावशी, औषधं वेळेवर चाललीत ना?"

"चाललीत की. सुपारी जेवायच्या आधी, कात जेवल्यावर, लवंग दुपारी, तंबाखू झोपताना."

डॉक्टर दचकून खुर्चीतून उठायचाच बाकी होता. मग धुळाजीनं मला पिशवीतून काढून दाखवलं. डॉक्टर खूप हसला आणि म्हणाला, "बाकी काही चुकलं तर चालेल मावशी, लवंग चुकवू नका. वर्षभर तरी."

पुढचे कित्येक महिने अंजनानं एक दिवसही चुकवली नाही. मी साक्षीला होतो.

त्यांची मुलगी रोहिणी नर्स झाली आणि जर्मनीत नोकरीला लागली. जावईही तिकडचाच. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला विमानात बसायला डॉक्टर नको म्हणाले. फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आय, इथं सगळं हाय. फकस्त तू न्हाईस."

"मग मीच माहेर घिऊन येते," अंजना म्हणाली.

पासपोर्ट निघाला. मग कळलं, प्रवासाचा विमा काढल्याशिवाय त्या देशाचा शिक्का मिळत नाही. कड्याला सुंदररावाचं दुकान आहे. रेल्वेची तिकिटं, पिकाचे फॉर्म, विमा, सगळं तो एका खुर्चीत बसून करतो. सोमनाथ आईला घेऊन गेला. मी तिच्या पिशवीत होतो, कारण लवंगेची वेळ व्हायची होती.

सुंदररावानं वय विचारलं. सहासष्ट. आजार विचारला. अंजनानं मला उघडून खण दाखवले.

"आरारा, काकू," तो म्हणाला, "तुमी तर फिरतं मेडिकल हाय."

त्यानं संगणकावर बघितलं. एका कंपनीनं नळी म्हटल्यावर नकार दिला. दुसरीनं वय बघूनच दिला. तिसरी तयार होती, पण तिनं सांगितलेला आकडा सोमनाथनं दोनदा विचारून घेतला.

"म्हंजे वीस मेंढ्या," तो म्हणाला.

"आणि आजार न्हाई लिहिलं तर एका कोकरात काम हुतंय," सुंदरराव म्हणाला.

"पण मला हाय की आजार," अंजना म्हणाली.

"काकू, अंगात असू द्या. कागदावर न्हाई. सगळी असंच लिहित्यात."

घरी धुळाजीला कळलं तेव्हा तो म्हणाला, "ईका वीस. मेंढरं काय आपल्यासंगं सरणावर येणार हायेत?"

सोमनाथच्या दोन पोरींची शिक्षणं त्याच कळपावर होती. अंजनानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "नगं. कोकराचाच काढा."

दुसऱ्या दिवशी सुंदररावानं कागद पुढं सरकवला आणि शाईचा डबा उघडला. अंजना म्हणाली, "अंगठा न्हाई. सही करते." रोहिणीनं शाळेत असताना तिला तिचं नाव गिरवायला शिकवलं होतं. तिनं एकेक अक्षर काढलं. मग विचारलं, "सुंदरराव, सहीच्या वर काय लिहिलंय, वाचा."

त्यानं वाचलं. मला कोणताही आजार नाही, मी कोणतंही औषध घेत नाही, हे मी शपथेवर लिहून देते.

शपथेवर हा शब्द ऐकला आणि माझ्या कडीवर असलेला तिचा हात थांबला.

त्या दिवशी घरी येऊन ती मला घेऊन देवापुढं बसली. चिमूटभर भंडारा माझ्या झाकणाच्या आत लावला. हलक्या आवाजात म्हणाली, "आता लिहून दिलंय. गोळी खाल्ली तर मी खोटी पडन. पोरीच्या बाळंतपणाला खोटी हुन कशी जाऊ?"

सगळं एवढंच होतं. लिहिलेलं खोटं होतं, म्हणून ते खरं करायला ती बसली. आजार नाहीसा करणं तिच्या हातात नव्हतं. औषध न घेणं होतं.

धुळाजी ओसरीवर बसायचा. रोज विचारायचा, "अंजने, गोळी घेतली का?" ती "घेतली" असं कधी म्हणाली नाही. ती मला उघडायची, गोळी पाकिटातून सोडवायची, तबक उचलून खाली चिंधीत ठेवायची, आणि झाकण मिटायची. टण्ण. धुळाजी "हां" म्हणायचा. रोहिणीचा फोन आला की तिलाही तोच आवाज ऐकवायची. पोरगी म्हणायची, "शाणी माझी आय."

अंजना खोटं बोलली नाही. तिनं ते माझ्याकडून वदवून घेतलं. चाळीस वर्षं ज्या माणसांना पान खिलवलं, त्यांना मी रोज चार वेळा फसवत होतो, आणि मला तोंड असून जीभ नव्हती. गोळी फेकू नये, औषधाचा अपमान होतो, असं ती मानायची. म्हणून सगळ्या माझ्याच पोटात साठत गेल्या. अडतीस दिवसांच्या.

शेवटी शेवटी ती चार पावलं चालून उंबऱ्याशी टेकायची. धुळाजी म्हणायचा, "दमती कावून लई?" ती म्हणायची, "इमानाची धास्ती."

निघायच्या दिवशी तिनं डिंकाचे लाडू बांधले, बाळाला घुटी घेतली, आणि आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं हातभर घोंगडं. मला फडताळात सारलं. कुणी नसताना म्हणाली, "तू हितंच ऱ्हा बाबा. तुला तिथं कुणी बघितलं तर माझी सही खोटी हुईल." धुळाजीला वाटलं, तिनं गोळ्या काढून पिशवीत घेतल्या असतील.

पुढचं मी फोनवरून ऐकलं, जसं धुळाजीनं ऐकलं तसं. ती विमानातून उतरली. काचेपलीकडं रोहिणी पोट धरून उभी होती. अंजनानं हात वर केला आणि तिथंच खाली बसली. आडवी झाली. रोहिणीला काचेच्या अलीकडं येऊ दिलं नाही.

छातीतली नळी बंद पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून रोहिणीनं बापाला विचारलं, "बा, आय लवंग रोज खात हुती ना?"

"रोज," धुळाजी म्हणाला. "मी सोता आवाज ऐकत हुतो."

चौथ्या दिवशी वस्तीवर एक मुलगी आली. विम्याच्या कंपनीची, करिष्मा नाव. पायातली चप्पल बाहेर काढली, धुळाजीच्या पाया पडली, चहा घेतला. सोमनाथ मेंढरांमागं गेलेला. आदल्या दिवशी तो बापाला बजावून गेला होता, कुणी विचारलं तर आजार न्हाई म्हणायचं. पण मुलीनं आजार विचारलाच नाही.

तिनं विचारलं, "बाबा, आजींना इथं कुठली औषधं चालू होती का? तिकडच्या डॉक्टरांना माहीत असलेलं बरं."

धुळाजीचा चेहरा उजळला. चार दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याला त्याच्या हातून होईल असं काहीतरी मागत होतं.

"हायेत की," तो म्हणाला. "थांब बाय." त्यानं मला फडताळातून काढलं. धूळ बसली होती ती धोतराच्या सोग्यानं पुसली, नीट, कडीसकट. "ही सुपारीची, साखरंवर. ही काताची. ही लवंगंची, लई महत्त्वाची. फोटो काढ, आन् लगीच पाठीव."

मुलीनं फोटो काढले. पाकिटांवरच्या तारखा जवळून काढल्या. मग म्हणाली, "खाली काही आहे का, बाबा?"

"खाली न्हाई कायी," म्हणत त्यानं तबक उचललं.

पिवळी पडलेली चिंधी होती. त्यानं ती सोडली. गोळ्या त्याच्या मांडीवर सांडल्या, जमिनीवर घरंगळल्या. त्यानं एक उचलली, दुसरी उचलली. मग झाकणाच्या आत बघितलं. तिथं भंडाऱ्याची बोटं उमटलेली होती. तो मेंढवाड्यात वाढलेला माणूस. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

मुलीनं त्याचाही फोटो काढला. चप्पल घालताना म्हणाली, "खरं दाखवलंत बाबा, बरं केलंत."

पुढं कंपनीनं पैसे द्यायचं नाकारलं. पुराव्यात माझा फोटो होता. मी इतका चकचकीत कधीच दिसलो नव्हतो.

मुलगी आली त्या संध्याकाळी सोमनाथ परतला तेव्हा त्याला सगळं कळलं. "बा, तुमी डबा कावून दाखवला?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"मला वाटलं, ती गोळ्या न्ह्यायला आली," धुळाजी म्हणाला.

सहाव्या दिवशी त्याच दवाखान्यात, दोन मजले वर, रोहिणीला मुलगी झाली. नवव्या दिवशी अंजना गेली. तिनं नात पाहिली नाही. घोंगडं बाळाच्या अंगावर आहे, असं जावई म्हणतो. दवाखान्याच्या खर्चापायी वीस मेंढ्या वाचवलेला कळप सगळाच गेला. अस्थी सीलबंद डब्यात आल्या. त्या परक्या डब्याला झाकण होतं, पण ते उघडायला सोमनाथला करवत लागली.

आता मी जुना झालोय. सुपारीच्या आणि काताच्या खणात धुळाजीच्या गोळ्या असतात, कारण बायको गेल्यावर त्याचाही रक्तदाब वाढला. रात्री माझ्या झाकणावर हात ठेवून तो म्हणतो, "मी उठून बघाया पायजे हुतं, अंजने." रोहिणी लेकीला मांडीवर घेऊन फोन करते. तिला अजून माहीत नाही. बापानं तिला सांगितलं नाही, आणि सोमनाथलाही शपथ घातली. ती दर वेळी म्हणते, "बा, आयनं सगळ्या गोळ्या घेतल्या, तरी असं कसं झालं?" धुळाजी म्हणतो, "देवाची मर्जी, बाय."

मग ती विचारते, "तुमी घेतली का गोळी?"

माझी तुमच्याजवळ एकच विनवणी आहे. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल आणि त्याचा डबा रोज वेळेवर वाजत असेल, तर आवाजावर जाऊ नका. उठा, जवळ बसा, झाकण उघडा, तबक उचलून खाली बघा. मी पितळेचा आहे. कुणीही वाजवलं तरी वाजतो.

आत्ताच फोन आलाय. तिकडं पोर हसतंय. धुळाजीनं मला मांडीवर घेतलं, गोळी सोडवली, तबकाखाली ठेवली, आणि झाकण मिटलं.

टण्ण.

"शाणा माझा बा," रोहिणी म्हणाली.